तीस मृत्यूंची मर्यादा

सतराव्या शतकाच्या आरंभी लंडन शहरात दर गुरुवारी एक कागद प्रसिद्ध होत असे. त्या आठवड्यात कोणत्या धर्मग्रामात किती माणसांचे दफन झाले आणि त्यांपैकी किती प्लेगने गेली, याची ती यादी असे. धर्मग्रामांचे कारकून दफनांची नोंद ठेवीत. मृताच्या घरी जाऊन मरणाचे कारण ठरविण्याचे काम गरीब वृद्ध स्त्रियांकडे सोपविलेले असे. व्यापारी ही यादी पाहून आपले बेत ठरवीत, श्रीमंत मंडळी शहर सोडावे की काय याचा विचार करीत. परंतु या कागदाची सर्वांत आतुरतेने आणि सर्वांत धास्तीने वाट पाहणारा आणखी एक वर्ग होता. तो नाटकवाल्यांचा.

याचे कारण असे. ९ एप्रिल १६०४ रोजी राजाच्या मंत्रिमंडळाने ग्लोब, फॉर्च्यून आणि कर्टन या तीन नाट्यगृहांना खेळ सुरू करण्याची मुभा दिली, पण तिला एक अट घातली. शहरात प्लेगने आठवड्याला तीसपेक्षा अधिक माणसे मरू लागली, तर नाट्यगृहांची दारे बंद झाली पाहिजेत. पुढे १६१९ मध्ये राजाच्या नाटक मंडळीला दिलेल्या सनदेत ही मर्यादा चाळीसवर नेण्यात आली. आपल्या घरची चूल पेटणार की नाही हे कोणाच्या तरी घरच्या मृत्यूंच्या संख्येवरून ठरावे, असे जिणे या माणसांच्या वाट्याला आले होते. १५९२ ते १६६६ या पाऊणशे वर्षांत ती कशी तगली, आणि कोण तगले नाही, याचा मागोवा घेण्यासारखा आहे.

प्रथम हे लोक कोण होते ते पाहू. आपल्या डोळ्यांसमोर शेक्सपिअर येतो, फार तर त्याचा सहकारी, विख्यात नट रिचर्ड बर्बेज येतो. परंतु एका नाटक मंडळीत आठ-दहा भागीदार असत. भांडवल त्यांचे, कपडेपट आणि संहिता त्यांच्या सामाईक मालकीच्या, नफातोटाही त्यांचाच. त्यांच्याखाली आठवड्याच्या पगारावर ठेवलेली माणसे असत. लहान भूमिका करणारे नट, वादक, संहिता हाती धरून नटांना प्रवेशाची आठवण देणारा, कपडेपट सांभाळणारा, मंच झाडणारा, हे सारे त्यात आले. स्त्रियांच्या भूमिका करणारी शिकाऊ मुले एकेका नटाच्या घरी राहत. दारावर पैसे गोळा करणारी माणसे निराळी. त्यांत स्त्रियाही असत. नाट्यगृहाबाहेर फळे विकणारे, बिअर विकणारे आणि थेम्स नदी ओलांडून प्रेक्षकांना दक्षिण तीरावर आणणारे नावाडी, यांचेही पोट खेळावरच अवलंबून असे. हेन्स्लो या नाट्यगृहमालकाच्या कागदपत्रांत १५९७ सालचा एक करार आहे. त्यानुसार पगारी नटाला लंडनमध्ये आठवड्याला दहा शिलिंग आणि दौऱ्यावर पाच शिलिंग मिळावयाचे होते. दौरा म्हणजे अर्धा पगार, आणि प्लेग म्हणजे दौरा, हे गणित येथे ध्यानात ठेवावे.

त्या काळी प्लेगचे खरे कारण कोणालाच ठाऊक नव्हते. दूषित हवा, ग्रहांची युती आणि माणसांची पापे अशी तीन कारणे सांगितली जात. नाटकवाल्यांवर रोख वळला तो तिसऱ्या कारणावरून. सेंट पॉल कॅथीड्रलच्या आवारात उघड्यावर एक प्रवचनपीठ होते. ३ नोव्हेंबर १५७७ रोजी तेथून टॉमस व्हाइट या प्रवचनकाराने असे तर्कशास्त्र मांडले, की प्लेगचे कारण पाप आणि पापाचे कारण नाटके. म्हणून प्लेगचे कारण नाटके. नगरपालिकेचे अधिकारीही मागे नव्हते. प्लेग असताना नाटक केले तर संसर्ग वाढतो आणि प्लेग नसताना केले तर देवाचा कोप होऊन प्लेग येतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. मग नाटक करावे तरी केव्हा, या प्रश्नाला त्यात जागाच नव्हती. गर्दीने रोग पसरतो ही भीती रास्त होती. परंतु नाट्यगृहे बंद असतानाही चर्चमधील उपासना चालू राहत, ही गोष्टही नाटकवाल्यांच्या नजरेतून सुटली नसेल.

पुढच्या शतकात युरोपच्या दुसऱ्या एका कोपऱ्यात लोकांनी याच्या अगदी उलट विचार केला, हे येथे नमूद केले पाहिजे. जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतातील ओबरआमरगाऊ हे कॅथलिक खेडे. तीस वर्षांच्या युद्धाच्या धामधुमीत तेथे प्लेग शिरला. १६३३ मध्ये गावकऱ्यांनी नवस केला, की हे संकट टळले तर दर दहा वर्षांनी प्रभू येशूच्या दुःखसहनाचे नाटक करू. गावाच्या परंपरेनुसार त्यानंतर प्लेगने तेथे कोणी दगावले नाही. १६३४ मध्ये पहिला प्रयोग झाला, तोही प्लेगने मेलेल्यांना जेथे पुरले त्या दफनभूमीत. लंडनमध्ये नाटकामुळे प्लेग येतो म्हणून नाटकाला दोष दिला जात होता आणि ओबरआमरगाऊत प्लेग जावा म्हणून नाटकाचा नवस बोलला जात होता. अर्थात ओबरआमरगाऊच्या शेतकरी-सुतारांचे पोट नाटकावर नव्हते. लंडनच्या नटांचे होते, आणि म्हणून त्यांची परीक्षा अधिक कठीण होती.

ती परीक्षा १५९२ मध्ये सुरू झाली. जून महिन्यात एका दंगलीच्या निमित्ताने नाट्यगृहे बंद करण्यात आली, आणि ती उघडण्यापूर्वीच प्लेगने डोके वर काढले. डिसेंबरअखेर काही आठवडे खेळ झाले. १५९३ च्या जानेवारीअखेर पुन्हा बंदी आली. त्या वर्षी लंडनमध्ये दहा हजारांवर माणसे प्लेगने मेली. नियमित खेळ सुरू व्हायला १५९४ चा जून उजाडला. म्हणजे जवळजवळ दोन वर्षे गेली.

या सुमाराचे दोन अर्ज उपलब्ध आहेत. लॉर्ड स्ट्रेंज यांच्या आश्रयाखालील नाटक मंडळीने मंत्रिमंडळाला विनविले होते, की आमची मंडळी मोठी आहे. दौऱ्याचा खर्च आम्हांस सोसवणार नाही आणि आम्हांला एकमेकांपासून वेगळे व्हावे लागेल. दुसरा अर्ज थेम्सवरील नावाड्यांचा होता. रोझ नाट्यगृह बंद असल्याने आमच्या बायकामुलांचे हाल होत आहेत, तेव्हा ते उघडू द्यावे, अशी त्यांची विनंती होती. नटांसाठी नावाड्यांनी रदबदली करावी, हे दृश्य मोठे बोलके आहे. ज्यांच्यावर प्रवचनपीठावरून टीका होई, त्यांच्या बाजूने बोलायला विद्वान पुढे आले नाहीत. त्यांच्याच पायरीवरचे कष्टकरी आले.

६ मे १५९३ रोजी स्ट्रेंज मंडळीला लंडनपासून सात मैलांच्या बाहेर, जेथे रोग नसेल तेथे, खेळ करण्याचा परवाना मिळाला. कपड्यांच्या पेट्या गाडीवर लादून मंडळी निघाली. गावोगावचे नगराध्यक्ष त्यांना भीत, कारण लंडनहून येणारा माणूस म्हणजे रोग घेऊन येणारा माणूस. कित्येक गावांच्या हिशेबवह्यांत नटांना खेळ न करता निघून जाण्यासाठी पैसे दिल्याच्या नोंदी आहेत.

या दौऱ्यात एडवर्ड ॲलन हा त्या काळचा आघाडीचा नट होता. १५९२ च्या ऑक्टोबरात त्याचा विवाह झाला होता. पत्नी जोन ही रोझ नाट्यगृहाचा मालक फिलिप हेन्स्लो याची सावत्र मुलगी. लग्नाला वर्षही झाले नव्हते आणि नवरा दौऱ्यावर, बायको प्लेगच्या शहरात. १५९३ च्या ऑगस्टमध्ये ब्रिस्टलहून त्याने तिला लिहिलेले पत्र आजही सुरक्षित आहे. घर स्वच्छ ठेव, रोज संध्याकाळी दारापुढे आणि मागे पाणी टाक, खिडक्यांत सताप ठेव, असे तो तिला बजावतो. मग आपल्या नारिंगी-तपकिरी लोकरी मोज्यांना हिवाळ्यासाठी काळा रंग देऊन घे म्हणतो, आणि बागेतील अजमोद्याच्या वाफ्यात सप्टेंबरमध्ये पालक पेर म्हणून आठवण करतो. मृत्यू दारात उभा असताना मोजे आणि पालक यांची काळजी करणारे हे पत्र वाचताना मन हेलावते. आपण परत येऊ आणि हिवाळ्यात घरी असू, हा विश्वास त्या साध्या सूचनांत आहे.

त्याच ऑगस्टमध्ये हेन्स्लोने जावयाला घरची खुशाली कळविली, आणि तिच्याबरोबर एक वाईट बातमीही. रॉबर्ट ब्राउन नावाचा नट त्या सुमारास इंग्रजी नटांच्या एका फिरत्या मंडळीबरोबर जर्मनीत होता. लंडनच्या शोरडिच भागातील त्याची पत्नी, सर्व मुले आणि घरातील माणसे प्लेगने मरण पावली होती आणि घराला कुलूप लागले होते. पोटासाठी परदेशी गेलेला माणूस वाचला, पण ज्यांच्या पोटासाठी तो गेला होता, ती राहिली नाहीत.

सप्टेंबरच्या पत्रात आणखी एक बातमी आहे. पेम्ब्रोक यांच्या आश्रयाखालील नाटक मंडळी दौऱ्याचा खर्च न निघाल्याने पाच-सहा आठवड्यांपूर्वीच परतली होती आणि तिला आपला कपडेपट गहाण टाकावा लागला होता. याचे गांभीर्य समजण्यासाठी एवढेच सांगितले पाहिजे, की त्या काळी नव्या नाटकाबद्दल लेखकाला सहा पौंडांच्या आसपास मिळत, तर भरतकाम केलेल्या एखाद्या मखमली झग्याची किंमत वीस पौंडांपर्यंत जाई. कपडे हेच मंडळीचे भांडवल. शेतकऱ्याने बैल गहाण टाकावेत, तसाच हा प्रकार. पुढील दोन वर्षांत या मंडळीची नाटकेही छापून बाजारात आली. कपड्यांमागोमाग संहिताही विकाव्या लागल्या असाव्यात, असा अभ्यासकांचा तर्क आहे.

लेखकांनी आपापली वाट शोधली. शेक्सपिअरने या बंदीच्या काळात दोन दीर्घ कथाकाव्ये प्रसिद्ध केली, एक १५९३ मध्ये आणि दुसरे १५९४ मध्ये, आणि दोन्ही साउदॅम्प्टनच्या तरुण उमरावाला अर्पण केली. नाट्यगृह बंद असेल तेव्हा छापखाना आणि आश्रयदाता, हाच मार्ग होता. १६०३ च्या साथीत टॉमस डेकर या नाटककाराने त्या भयानक वर्षावरच एक गद्य पुस्तिका लिहिली. बेन जॉन्सनचा सात वर्षांचा थोरला मुलगा त्याच साथीत गेला.

१६०३ ची साथ पूर्वीच्या साथीहून मोठी होती. राणी एलिझाबेथ मार्चमध्ये वारली, जेम्स राजा गादीवर आला, आणि मे महिन्यात त्याने शेक्सपिअर-बर्बेज यांच्या मंडळीला आपल्या नावाची सनद दिली. पण प्लेग ओसरेल तेव्हाच खेळ करावेत, असे त्या सनदेतच लिहिलेले होते. राजा स्वतः शहराबाहेर विल्टन येथे मुक्कामाला असताना डिसेंबरात मंडळीला तेथे बोलावून खेळ करविण्यात आला. ८ फेब्रुवारी १६०४ रोजी बर्बेजला तीस पौंड देण्यात आले. प्लेगमुळे सार्वजनिक खेळ बंद असल्याने त्याच्या व मंडळीच्या निर्वाहासाठी ही मदत होती. १६०८-०९ च्या दीर्घ बंदीत मंडळीला चाळीस पौंड मिळाले. नाताळात राजापुढे खेळ करता यावा, म्हणून त्यांनी साथीच्या दिवसांत खाजगीत तालमी चालू ठेवल्या होत्या. त्या तालमींबद्दल हे बक्षीस होते. खेळ नसतानाही तालमीला मोल द्यावे, ही दृष्टी त्या काळी विरळाच.

त्याच बंदीच्या आरंभी, १६०८ च्या ऑगस्टमध्ये, मंडळीने ब्लॅकफ्रायर्स येथील बंदिस्त नाट्यगृह हाती घेतले. ही वास्तू मुळात डॉमिनिकन संन्यासबंधूंच्या मठातील. आठव्या हेन्री राजाने मठ बरखास्त केल्यानंतर ती निरनिराळ्या मालकांकडे जाऊन अखेरीस बर्बेज घराण्याकडे आली होती. सात भागीदारांनी भाडे वाटून घेतले आणि नाट्यगृह जवळजवळ दीड वर्ष बंद असताना ते भाडे सोसले. एकट्यादुकट्याने हे झाले नसते. सामाईक थैली होती म्हणूनच ही मंडळी तगली.

परंतु सामाईक थैलीत ज्यांचा वाटा नव्हता, त्यांचे काय? याचे उत्तर १६३६ च्या साथीत सापडते. मे १६३६ मध्ये बंद झालेली नाट्यगृहे, मधला एक आठवडा वगळता, २ ऑक्टोबर १६३७ पर्यंत बंद राहिली. राजाच्या मंडळीला चार्ल्स राजाने आठवड्याला वीस पौंड देऊ केले. इतरांना असा आधार नव्हता. राणीच्या नावाने चालणारी मंडळी या काळात मोडली. तिचा नाटककार जेम्स शर्ली डब्लिनला निघून गेला. रिचर्ड ब्रोम हा नाटककार सॉल्झबरी कोर्ट नाट्यगृहाशी करारबद्ध होता. वर्षाला तीन नाटके लिहायची आणि आठवड्याला पंधरा शिलिंग घ्यायचे, असा तो करार. नाट्यगृह बंद झाले आणि त्याचे पैसेही थांबले. लेखणी बंद नव्हती, पोट बंद नव्हते. बंद होते ते फक्त दार. ऑगस्टमध्ये विल्यम बीस्टन या दुसऱ्या नाट्यव्यवस्थापकाने त्याला सहा पौंड उसने दिले आणि बदल्यात एक नाटक मागितले. पुढे १६४० मध्ये करारभंगाचा दावा होऊन प्रकरण न्यायालयात गेले, म्हणूनच ब्रोमची ही अडचण आपल्याला कळते. ज्यांच्यावर दावा करण्याइतकेही कोणाचे हित गुंतलेले नव्हते, त्या मंच झाडणाऱ्यांची आणि दारावर पैसे घेणाऱ्यांची हकीकत कोणत्याच कागदावर आली नाही.

अखेरची मोठी साथ १६६५ ची. ५ जूनला नाट्यगृहे बंद झाली. त्या वर्षीच्या याद्यांनुसार ६८,५९६ माणसे प्लेगने मेली. खेळ पुन्हा सुरू व्हायला १६६६ चा नोव्हेंबर उजाडला. रोजनिशीकार सॅम्युएल पीप्स मार्च १६६६ मध्ये राजाच्या नाट्यगृहात डोकावला, तेव्हा तेथे सर्वत्र धूळ होती आणि मंच रुंद करण्याचे काम चालू होते. दार बंद होते. पण आत सुतार कामाला लागले होते.

या रोगाचे गूढ उकलायला आणखी सव्वादोनशे वर्षे जावी लागली, आणि त्या शोधाचा आपल्या भागाशी जवळचा संबंध आहे. १८९४ मध्ये येर्सिन या संशोधकाने हाँगकाँगला प्लेगचा जंतू शोधला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. १८९८ मध्ये त्या वेळच्या मुंबई इलाख्यातील कराची येथे सिमों या फ्रेंच डॉक्टरने उंदरांवरील पिसवांमुळे हा रोग पसरतो हे प्रयोगाने दाखवून दिले. मुंबईच्या याच प्लेगमुळे सरकारने १८९७ मध्ये साथरोग कायदा केला.

तोच कायदा एकशे तेवीस वर्षांनी पुन्हा बाहेर आला. १३ मार्च २०२० रोजी करोनाच्या साथीमुळे महाराष्ट्र शासनाने तो लागू केला आणि मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर अशा शहरांतील नाट्यगृहे मध्यरात्रीपासून बंद झाली. २५ मार्चला देशभर टाळेबंदी सुरू झाली. त्या दिवशी गुढीपाडवा होता. नारायणगावच्या तमाशा फडांसाठी तो यात्रांच्या सुपाऱ्यांचा दिवस. गावोगावच्या यात्रा रद्द झाल्या, सुपाऱ्या परत गेल्या. शहरातील नाटकांतही नेपथ्य लावणारे, प्रकाश सांभाळणारे, कपडेपट व रंगभूषा पाहणारे कामगार प्रयोगागणिक पैसे घेणारे. प्रयोग नाही तर ‘नाइट’ नाही. ५ नोव्हेंबर २०२० पासून निम्म्या आसनांवर खेळ करण्यास परवानगी मिळाली. २०२१ च्या एप्रिलात पुन्हा दारे बंद झाली आणि २२ ऑक्टोबर २०२१ रोजी, पुन्हा निम्म्याच आसनांवर, उघडली. ओबरआमरगाऊतही नवसाचे नाटक २०२० मध्ये होणार होते. परंपरेप्रमाणे गावकऱ्यांनी आदल्या वर्षीच्या राखेच्या बुधवारपासून केस-दाढी वाढविली होती. ज्या नाटकाचा जन्म साथीतून झाला, तेच साथीमुळे पुढे ढकलावे लागले, आणि ते १४ मे २०२२ रोजी सुरू झाले.

साथीत नाट्यगृह बंद करणे चुकीचे होते, असे या इतिहासावरून म्हणता येणार नाही. दार बंद केल्याने जीव वाचतात. पण त्या बंद दाराची किंमत सर्वांनी सारखी दिली नाही. ज्या मंडळीत मालमत्ता सामाईक होती ती तगली. ज्यांच्यामागे राजा होता त्यांना मदत मिळाली. आणि ज्यांची मजुरी आठवड्याची वा प्रयोगाची होती, त्यांना वाली नव्हता. दाराबरोबर त्यांच्या चुलीचाही विचार करणे हे तेव्हाही समाजाचे कर्तव्य होते आणि २०२० मध्येही होते.

एडवर्ड ॲलन साथीतून वाचला आणि पुढे श्रीमंत झाला. त्याला मूल झाले नाही. १६१९ मध्ये त्याने लंडनच्या दक्षिणेस डलिच येथे बारा गरीब वृद्धांसाठी आश्रम आणि बारा गरीब मुलांसाठी विद्यालय स्थापन करून आपली संपत्ती त्यास दिली, आणि त्या संस्थेला ‘देवाच्या देणगीचे महाविद्यालय’ असे नाव दिले. त्याची व हेन्स्लोची पत्रे आणि हिशेबवह्या त्याच संस्थेने चारशे वर्षे जपून ठेवल्या आहेत. गुरुवारच्या याद्यांत मेलेल्यांचे आकडे उरले. जगलेल्यांनी ते दिवस कसे काढले, हे डलिचच्या कागदांत वाचावयास मिळते.